नर्सिंग संशोधनाचे वेगळे खाते: अमेरिकेतील एका सरकारी संस्थेचा प्रकरण अभ्यास

२० नोव्हेंबर १९८५ रोजी अमेरिकी सिनेटने राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांचा नकाराधिकार ८९ विरुद्ध ७ मतांनी मोडीत काढला. आठ दिवस आधी प्रतिनिधीगृहाने तेच ३८० विरुद्ध ३२ मतांनी केले होते. विधेयक आरोग्य संशोधनाचे होते. त्यातील एका कलमाने नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ, म्हणजे एनआयएच या अवाढव्य सरकारी संशोधन यंत्रणेत, नर्सिंग संशोधनासाठी राष्ट्रीय केंद्र उभे राहणार होते. परिचारिकांच्या संशोधनाला सरकारी तिजोरीत स्वतःच्या नावाचे खाते मिळाले ते इथे.

सरकारी पैशातून एखाद्या व्यवसायात संशोधक कसे घडतात, पैसा कुठे मुरतो आणि कुठे फळतो, हे या एका प्रकरणात जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच दिसते. कारण इथे सुरुवात जवळपास शून्यातून झाली आणि पुढच्या चार दशकांचा हिशेब उघड आहे.

आधीची तीस वर्षे

केंद्राआधी काहीच नव्हते असे नाही. अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेत १९४६ मध्ये नर्सिंग विभाग सुरू झाला. १९५५ मध्ये नर्सिंग संशोधनासाठी पहिली ठरलेली तरतूद झाली: अनुदानांसाठी ५ लाख डॉलर आणि पाठ्यवृत्तींसाठी १ लाख २५ हजार डॉलर. पण अर्ज करणार कोण? डॉक्टरेट असलेल्या परिचारिका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या आणि नर्सिंगमध्ये पीएचडी देणारी विद्यापीठेही मोजकीच होती.

त्यावर १९६२ मध्ये एक शहाणा तोडगा निघाला. परिचारिकांनी शरीरक्रियाशास्त्र, समाजशास्त्र, मानववंशशास्त्र, मानसशास्त्र अशा प्रस्थापित विषयांत पीएचडी करावी आणि त्याचा खर्च सरकारने उचलावा, अशी ही 'नर्स सायंटिस्ट' योजना होती. या बायका दुसऱ्यांच्या विभागांत जाऊन संशोधनाची शिस्त शिकल्या आणि परत येऊन त्यांनी नर्सिंग शाळांत डॉक्टरेटचे अभ्यासक्रम उभे केले. गाइड होण्याइतके शिकलेले माणूस आधी, अभ्यासक्रम नंतर, हा क्रम त्यांनी पाळला. आपल्याकडे तो पुष्कळदा उलटा असतो.

अडचण पैसा ठेवलेल्या जागेची होती. नर्सिंग विभागाचे मुख्य काम मनुष्यबळाचे, म्हणजे परिचारिकांचा तुटवडा भरून काढण्याचे. शाळांना मदत, विद्यार्थिनींना कर्जे, जागा वाढवणे, हे सगळे त्याच खिशातून. अशा खात्यात संशोधनाचा पैसा नेहमी शेवटी उरतो. कारण वॉर्डात नर्स नाही ही तक्रार मंत्र्यापर्यंत लगेच पोहोचते. वॉर्डात प्रश्न विचारणारी नर्स नाही ही तक्रार कोणीच करत नाही. शिवाय हा विभाग एनआयएचच्या बाहेर होता. डॉक्टर, जीवशास्त्रज्ञ, संख्याशास्त्रज्ञ ज्या समीक्षा समित्यांत आणि परिषदांत एकमेकांना भेटत, त्या वर्तुळात परिचारिका नव्हत्या.

केंद्र मिळाले, संस्था नाही

१९८३ मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या सरकारला सल्ला देणाऱ्या तज्ज्ञ संस्थेचा नर्सिंग आणि नर्सिंग शिक्षणावरील अहवाल आला. नर्सिंग संशोधनाला विज्ञानाच्या मुख्य प्रवाहात आणणारी यंत्रणा संघराज्य सरकारने उभारावी, अशी त्यात शिफारस होती. त्याच वर्षी इलिनॉयचे प्रतिनिधी एडवर्ड मॅडिगन यांनी थेट नर्सिंगची राष्ट्रीय संस्थाच काढण्याचा प्रस्ताव मांडला. मॅडिगन रेगन यांच्याच पक्षाचे होते, ही बाब पुढे फार उपयोगी पडली. परिचारिकांच्या संघटनांनी प्रतिनिधींच्या दारात तळ ठोकला.

विरोध खुद्द एनआयएचमधूनही होता आणि त्यात तर्क नव्हता असे म्हणता येणार नाही. तिथल्या संस्था आजारांच्या किंवा अवयवांच्या नावाने आहेत: कर्करोग, हृदय, डोळे. एका व्यवसायाच्या नावाने संस्था कशाला? उद्या प्रत्येक व्यवसाय मागेल. परिचारिकांचे उत्तर असे: वेदना, थकवा, अंथरुणाला खिळल्याने होणाऱ्या जखमा, डिस्चार्जनंतर घरी कोसळणारा म्हातारा रुग्ण, त्याची काळजी घेऊन थकलेली सून हे विषय कोणत्या अवयवाच्या संस्थेत बसतात? ते सगळीकडे थोडे थोडे असतात, म्हणून कुठेच नसतात.

१९८४ मध्ये अशाच आशयाच्या विधेयकावर रेगन यांनी सही केली नाही आणि ते बारगळले. १९८५ मध्ये 'संस्था' या शब्दावर पाणी सोडून 'केंद्र' मान्य करण्याची तडजोड झाली. त्यावरही नकाराधिकार आला आणि तो मोडला गेला. एप्रिल १९८६ मध्ये केंद्र सुरू झाले. नर्सिंग विभागाकडची चालू अनुदाने इकडे वळवण्यात आली आणि पहिल्या वर्षाची तरतूद होती सुमारे १ कोटी ६० लाख डॉलर. जून १९८७ मध्ये ॲरिझोना विद्यापीठातील ॲडा सू हिन्शॉ पहिल्या संचालिका म्हणून आल्या.

संस्थेचा दर्जा मिळायला १९९३ उजाडले. १० जून १९९३ रोजी बिल क्लिंटन यांनी सही केलेल्या कायद्याने केंद्राचे नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ नर्सिंग रिसर्च झाले. पुढे तिला एनआयएनआर म्हणू.

या सात वर्षांत हिन्शॉ यांनी एक गोष्ट केली, जिचे मोल पैशापेक्षा कमी नाही. १९८८ मध्ये आणि पुन्हा १९९२ मध्ये देशभरच्या संशोधकांना एकत्र बसवून प्राधान्यक्रम ठरवला: कमी वजनाची बाळे आणि त्यांच्या माता, एचआयव्हीबाधितांची काळजी, दीर्घकालीन शुश्रूषा, लक्षणांचे व्यवस्थापन, माहिती प्रणाली, आरोग्यवर्धन, आणि यंत्रांवर अवलंबून जगणारे रुग्ण. यादी छोटी होती म्हणूनच कामाची ठरली. दीड कोटी डॉलर शंभर विषयांवर शिंपडले असते तर एकाही विषयात दुसरा अभ्यास पहिल्याच्या खांद्यावर उभा राहिला नसता.

पायऱ्या कशा बांधल्या

एनआयएचमध्ये प्रत्येक अनुदान प्रकाराला अक्षर-आकड्यांचे नाव असते आणि तिथले लोक त्याच नावांनी बोलतात. त्यांचा क्रम समजला की क्षमता बांधणीचा सांगाडाच हाती येतो.

सगळ्यात खाली एफ-३१ आणि टी-३२. दोन्ही पीएचडी करणाऱ्यांना विद्यावेतन देतात. फरक इतकाच की एफ-३१ साठी विद्यार्थिनी स्वतः अर्ज करते आणि टी-३२ मध्ये विद्यापीठाला काही जागा मिळतात, त्या ते भरते. एफ-३१ चा मोठा फायदा रकमेत नसून अर्जात आहे. विशीत-तिशीतच मुलगी उद्दिष्टे एका पानात मांडायला, नमुन्याचा आकार ठरवायला आणि परक्या समीक्षकाची टीका पचवायला शिकते.

पण इथेच पहिली गळती आहे. २०२४ चे पीएचडीपूर्व विद्यावेतन होते वर्षाला २८,२२४ डॉलर. अमेरिकेत नोंदणीकृत परिचारिकेचा मध्यम वार्षिक पगार त्याच सुमारास ८६ हजार डॉलरच्या घरात होता. घराचे हप्ते आणि पोरांच्या फिया असलेल्या अनुभवी परिचारिकेला एक तृतीयांश पगारावर चार-पाच वर्षे काढायला सांगणे म्हणजे व्यवहारात 'येऊ नकोस' असेच सांगणे. मग ती नोकरी करत अर्धवेळ पीएचडी करते. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००५ मध्ये नोंदवले की परिचारिकांना डॉक्टरेट मिळते तेव्हा त्यांचे सरासरी वय सुमारे ४६ असते. मूलभूत विज्ञानात याच वयाला माणसाची स्वतःची प्रयोगशाळा चालू होऊन दहा वर्षे झालेली असतात. सेहेचाळिसाव्या वर्षी सुरुवात करणाऱ्या बाईला मोठे अनुदान मिळेपर्यंत पन्नाशी उलटते आणि तिच्या हाताखाली तयार होणाऱ्या पिढ्या एक-दोनच राहतात. म्हणून बी.एस्सी. नर्सिंग झाल्यावर लगेच पीएचडीला घ्या, असा आग्रह परिषदेने धरला. वॉर्डाचा अनुभव आधी हवा, ही नर्सिंगमधली जुनी धारणा त्याला आडवी आली आणि अजूनही येते. आमच्या मते परिषदेचे म्हणणे बरोबर होते. वॉर्डाचा अनुभव पीएचडी चालू असतानाही मिळवता येतो, पण संशोधनाची गेलेली वीस वर्षे परत येत नाहीत.

मधली पायरी के-०१, के-२३ यांसारख्या 'करिअर' अनुदानांची. यात पैसा प्रकल्पापेक्षा माणसाच्या वेळेसाठी असतो. अट अशी की कामाच्या वेळेपैकी किमान ७५ टक्के वेळ संशोधन आणि त्याच्या शिक्षणाला द्यायचा. कागदावर हे सोपे दिसते. नर्सिंग शाळेत मात्र एका प्राध्यापिकेच्या नावावर विद्यार्थिनींच्या क्लिनिकल पोस्टिंगची देखरेख असते, आणि रुग्णाजवळ विद्यार्थिनी असताना शिक्षिकेला तिथून हलता येत नाही. डीनने ७५ टक्क्यांच्या पत्रावर सही केली तरी बदली शिक्षिका नेमली नाही तर ती टक्केवारी कागदावरच राहते. त्यामुळे समीक्षक अर्जात संस्थेचे पत्र बारकाईने वाचतात: कोणते तास, कोणता विषय, कोणाकडे सोपवला? 'पूर्ण सहकार्य करू' एवढेच लिहिलेले पत्र गुण खाते.

मग चाचपणीची अनुदाने. आर-२१ मध्ये दोन वर्षांत मिळून २ लाख ७५ हजार डॉलरपर्यंत थेट खर्च मिळतो. आर-१५ खास अशा संस्थांसाठी आहे ज्यांना एनआयएचचा पैसा फारसा मिळालेला नाही. तीन वर्षांसाठी त्याची मर्यादा दीर्घकाळ ३ लाख डॉलर होती आणि विद्यार्थ्यांना कामात सामील करून घेणे हा त्याचा हेतूच आहे. लहान गावांतल्या नर्सिंग शाळांना या दाराने आत येता आले.

सर्वांत वर आर-०१: साधारण पाच वर्षे, सोप्या 'मॉड्युलर' अंदाजपत्रकाच्या पद्धतीत वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत थेट खर्च. याचा अर्ज म्हणजे एक पान उद्दिष्टे आणि बारा पाने संशोधनाची आखणी. ५ फेब्रुवारीला अर्ज भरला तर जून-जुलैत समीक्षा होते. किमान तीन समीक्षक आधी वाचून गुण देतात. खालचे जवळपास निम्मे अर्ज बैठकीत चर्चेलाही येत नाहीत. उरलेल्यांना १० ते ९० असा एकूण गुणांक मिळतो, कमी तितका चांगला. त्यानंतर संस्थेच्या सल्लागार परिषदेची मोहोर लागते. पहिल्या फेरीत अर्ज पडला तर टीकेचा कागद घेऊन ५ नोव्हेंबरला सुधारित अर्ज, पुढच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये पुन्हा समीक्षा, मेमध्ये परिषद, जुलैत पैसा. पहिल्या अर्जापासून सतरा महिने. या सतरा महिन्यांत संशोधन सहायिकेचा पगार कोण देणार, हा प्रश्न ज्या शाळेने आधीच सोडवलेला नसतो तिथला संघ फुटतो. प्रशिक्षित माणसे निघून जातात आणि पैसा आला तरी पहिले वर्ष नवी माणसे शिकवण्यात जाते. चांगल्या नर्सिंग शाळा ओव्हरहेडच्या, म्हणजे थेट खर्चावर विद्यापीठाला मिळणाऱ्या जादा टक्केवारीच्या, वाट्यातून अशा मधल्या काळावर पूल बांधणारा निधी बाजूला ठेवतात. ज्या शाळांकडे ओव्हरहेडच येत नाही, त्यांच्याकडे पूलही नसतो.

शाळांमधल्या संशोधन केंद्रांनाही पैसा दिला गेला. त्याचा खरा उपयोग इमारतीपेक्षा वाटून घेण्याच्या माणसांसाठी झाला: एक संख्याशास्त्रज्ञ, एक डेटा सांभाळणारी, एक अर्ज लिहायला मदत करणारी. पाच लहान प्रकल्पांना मिळून एक संख्याशास्त्रज्ञ परवडतो, एकाला परवडत नाही. २००० मध्ये एनआयएनआरने उन्हाळी जनुकशास्त्र वर्ग सुरू केला, तोही याच विचाराने. ज्या ज्ञानासाठी प्रत्येक शाळेत माणूस मिळणार नाही ते एका ठिकाणी, प्रयोगशाळेसह, एकदम शिकवायचे.

एका प्रश्नाचा प्रवास: फिलाडेल्फिया

पायऱ्यांचा उपयोग झाला की नाही हे एखाद्या प्रश्नाचा माग काढल्याशिवाय कळत नाही. फिलाडेल्फियातल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या नर्सिंग शाळेतला हा प्रश्न होता: रुग्णाला लवकर घरी पाठवले आणि तज्ज्ञ परिचारिका त्याच्यामागे घरापर्यंत गेली, तर काय होते?

१९८६ मध्ये डोरोथी ब्रूटेन आणि सहकाऱ्यांनी दीड किलो किंवा त्याहून कमी वजनाच्या ७९ बाळांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. लवकर घरी सोडलेल्या गटातील बाळे सरासरी ११ दिवस आधी गेली. परिचारिकेने आईला शिकवले, घरी भेटी दिल्या आणि अठरा महिने ती रोज फोनवर उपलब्ध राहिली. रुग्णालयाचा खर्च २७ टक्क्यांनी घटला आणि बाळांना अपाय झाला नाही.

त्याच गटातल्या मेरी नेलर यांनी तीच रचना वृद्धांकडे वळवली. पुढचे आकडे नीट पाहावेत, कारण क्षमता बांधणी म्हणजे नेमके काय ते त्यांत आहे. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी: ४० रुग्ण. १९९४: २७६ रुग्ण आणि घरी काळजी घेणारे १२५ जण. १९९९: ३६३ रुग्ण. २००४: हृदय निकामी होण्याचा आजार असलेले २३९ रुग्ण, सहा रुग्णालयांत, वर्षभराच्या पाठपुराव्यासह. चाळीस रुग्णांच्या कच्च्या अभ्यासाशिवाय पुढचे कोणीही मंजूर केले नसते, कारण नमुन्याचा आकार कशाच्या आधारे काढणार?

१९९९ च्या अभ्यासाला एनआयएनआरचा पैसा होता. त्यातला हस्तक्षेप, म्हणजे परिचारिकेने रुग्णासाठी नेमके काय करायचे ते, इतका काटेकोर लिहिलेला आहे की दुसऱ्या शहरात तो जसाच्या तसा करता यावा. दाखल झाल्यापासून ४८ तासांत पहिली भेट. रुग्णालयात असेपर्यंत किमान दर ४८ तासांनी एक. डिस्चार्जनंतर ४८ तासांत घरी भेट, दुसरी सात ते दहा दिवसांनी. आठवड्याचे सातही दिवस फोनवर उपलब्धता आणि परिचारिकेकडून आठवड्याला किमान एक फोन. हे सगळे डिस्चार्जनंतर चार आठवड्यांपर्यंत. २४ आठवड्यांत किमान एकदा पुन्हा दाखल झालेले रुग्ण नेहमीची काळजी मिळालेल्या गटात ३७.१ टक्के होते, या गटात २०.३ टक्के. मेडिकेअर या सरकारी विम्याने चुकवलेली रक्कम सुमारे १२ लाख डॉलरवरून ६ लाखांवर आली. २००४ च्या अभ्यासात वर्षभराचा दर रुग्णामागचा सरासरी खर्च १२,४८१ डॉलरऐवजी ७,६३६ डॉलर निघाला.

पैशाचा आकडा सुरुवातीपासून मोजला, ही यातली सर्वांत चाणाक्ष गोष्ट. 'रुग्णांचे समाधान वाढले' एवढेच दाखवले असते तर अर्थखात्याने मान हलवून फाइल बंद केली असती. २०१० च्या आरोग्य सुधारणा कायद्यात रुग्णालयातून घरी जाण्याच्या टप्प्यासाठी पाच वर्षांकरता ५० कोटी डॉलरची योजना आली. जानेवारी २०१३ पासून मेडिकेअरने या टप्प्यातल्या सेवेसाठी स्वतंत्र बिल-संकेत सुरू केले, त्यात डिस्चार्जनंतर कामकाजाच्या दोन दिवसांत रुग्णाशी संपर्काची अट आहे. पहिल्या चाचणीपासून बिलावरच्या संकेतापर्यंत साधारण पाव शतक लागले.

त्याच शाळेतून लिंडा एकेन यांचा २००२ चा अभ्यास आला, तोही एनआयएनआरच्या मदतीने. पेनसिल्व्हेनियातली १६८ रुग्णालये, १०,१८४ परिचारिका, २,३२,३४२ शस्त्रक्रिया झालेले रुग्ण. एका परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते, हा निष्कर्ष आज जगभर उद्धृत होतो. युरोपातल्या नऊ देशांतल्या ३०० रुग्णालयांत हीच पद्धत वापरली, तेव्हा २०१४ मध्ये तिथेही ७ टक्केच निघाले. हा अभ्यास शक्य झाला तो राज्याची डिस्चार्ज नोंदणी आधीपासून होती म्हणून. परिचारिकांकडून प्रश्नावली भरून घेतल्या आणि त्या नोंदणीशी जोडल्या. नोंदी नसत्या तर लाखो रुग्ण गोळा करायला कुठलेच अनुदान पुरले नसते.

कुठे अडते

एनआयएनआरची २०२३ ची तरतूद १९ कोटी ७० लाख डॉलरच्या आसपास होती. संपूर्ण एनआयएचच्या तुलनेत हा अर्ध्या टक्क्याहूनही कमी वाटा. आता एक आर-०१ मोजा. वर्षाला अडीच लाख थेट, त्यावर समजा ५५ टक्के ओव्हरहेड, म्हणजे ३ लाख ८७ हजार ५०० डॉलर. अशी शंभर अनुदाने चालू असली की वर्षाला ३ कोटी ८७ लाख बांधले गेले, तेही पाच वर्षांसाठी. कोणत्याही वर्षी तिजोरीतला बराचसा पैसा आधीच्या वचनांत अडकलेला असतो. तरतूद वाढली नाही की पहिला फटका बसतो नव्या अर्जदारांना, म्हणजे ज्यांच्यासाठी पायऱ्या बांधल्या नेमक्या त्यांनाच. १९९८ ते २००३ या पाच वर्षांत एनआयएचची तरतूद दुप्पट झाली आणि एनआयएनआरचीही. त्या भरात शाळांनी माणसे नेमली. नंतरच्या सपाट वर्षांत तीच माणसे एकाच छोट्या खात्यासमोर रांगेत उभी राहिली. भरतीच्या काळात पदे कायम करायची आणि ओहोटीत अनुदानावर सोडायची, ही चूक विद्यापीठांची होती.

दुसरी ओढ बाहेरून आली. २००४ पासून नर्सिंगमध्ये डीएनपी ही व्यावसायिक डॉक्टरेट पुढे आली. ती करणाऱ्यांची संख्या चाळीस हजारांच्या घरात गेली आणि पीएचडीची मात्र घसरली: २०१३ मध्ये पाच हजारांच्या पुढे असलेल्या विद्यार्थिनी दहा वर्षांत चार हजारांच्या आसपास आल्या. डीएनपी रुग्णसेवेसाठी उत्तम आहे, पण ती आर-०१ लिहायला शिकवत नाही. दोन्ही पदव्यांना 'डॉक्टर' म्हटल्याने शाळांच्या आकडेवारीत डॉक्टरेटधारक वाढलेले दिसतात आणि संशोधक कमी होत असल्याचे लपते.

तिसरी गोष्ट दिशेची. २०२२ ते २०२६ च्या आराखड्यात संस्थेने आरोग्य समता आणि आरोग्याचे सामाजिक घटक यांना मध्यभागी आणले. भूमिका योग्यच. पण वेदना, थकवा, झोप यांच्या जैविक खुणांवर दहा-पंधरा वर्षे प्रयोगशाळा उभारलेल्या लोकांना घर बदलावे लागले. मोठ्या संस्थेत दिशा बदलली तर जुन्या विषयाला दुसरा कोपरा मिळतो. एवढ्या छोट्या संस्थेत तो मिळत नाही.

आणि मे २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकात ही संस्थाच बंद करण्याचा प्रस्ताव ठेवला. तिचे रक्षण करणारी गोष्ट शेवटी १९८५ चीच आहे: संस्था कायद्याने उभी आहे, आणि अंदाजपत्रकावरचा शेवटचा शब्द काँग्रेसचा, म्हणजे तिथल्या संसदेचा असतो. एखाद्या खात्याच्या परिपत्रकावर ती उभी असती तर एका परिपत्रकाने गेलीही असती.

महाराष्ट्रापुरते

मुंबईत एसएनडीटी विद्यापीठाचे लीलाबाई ठाकरसी नर्सिंग महाविद्यालय १९६४ पासून आहे, नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून. देशपातळीवर भारतीय नर्सिंग परिषदेने बंगळुरूच्या राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाबरोबर पीएचडीसाठी राष्ट्रीय कन्सॉर्टियम उभे केले आहे. पण आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या संस्थांत नर्सिंगची संस्था नाही. पुण्यात विषाणूंसाठी आहे, मुंबईत प्रजनन आरोग्यासाठी आहे. नर्सिंगच्या प्राध्यापिकेला सर्वसाधारण रांगेत, वैद्यकीय महाविद्यालयांच्या प्राध्यापकांशेजारी उभे राहावे लागते. १९८५ पूर्वीच्या अमेरिकेचीच ही अवस्था.

परिणाम एम.एस्सी. नर्सिंगच्या प्रबंधांत दिसतो. 'एसटीपी', म्हणजे ठरवून दिलेले व्याख्यान, त्याआधी प्री-टेस्ट, नंतर पोस्ट-टेस्ट, चाळीस-साठ सॅम्पल आणि शेवटी 'ज्ञानात लक्षणीय वाढ'. संख्याशास्त्रज्ञाची फी आणि प्रबंधाची छपाई मुलीच्या खिशातून. यात मुलींचा दोष नाही. वर्षभरात, विनापैसा, वॉर्डातली पद्धत बदलण्याची परवानगी नसताना, एवढेच करता येते. पण व्याख्यान ऐकल्यावर ज्ञान वाढते हे आता पुन्हा सिद्ध करायची गरज उरलेली नाही. कॅथेटर लावलेल्या रुग्णांत संसर्ग कमी झाला का, हे कोणी मोजत नाही.

राज्यस्तरावर छोटी सुरुवात केली तर खर्च किती येईल याचा अंदाज बांधता येतो. देशात कनिष्ठ संशोधन पाठ्यवृत्ती २०२३ पासून महिना ३७ हजार रुपये आहे आणि सरकारी सेवेतल्या कायम परिचारिकेचा भत्त्यांसह पगार त्याहून बराच जास्त. अमेरिकेतली गळती इथेही तशीच होईल. म्हणून पाठ्यवृत्तीऐवजी पगारी अध्ययन रजा द्यावी आणि खर्च तिच्या जागी येणाऱ्या परिचारिकेवर करावा. दहा जणी, बदली परिचारिकेला महिना ५० हजार धरले तर वर्षाला ६० लाख. चार लाखांची बारा लहान अनुदाने, ४८ लाख. सर्वांना मिळून एक संख्याशास्त्रज्ञ आणि एक डेटा सांभाळणारी व्यक्ती, प्रत्येकी महिना ७५ हजार, म्हणजे १८ लाख. एकूण १ कोटी २६ लाख.

अर्जाच्या जाहिरातीत तीन अटी हव्यात. मोजायची गोष्ट रुग्णाच्या बाबतीतली हवी, ज्ञानाचे गुण चालणार नाहीत. त्या वॉर्डात गेल्या सहा महिन्यांत ती किती वेळा घडली, हे वॉर्डाच्या रजिस्टरवरून काढून अर्जासोबत जोडलेले असावे. आणि बदली परिचारिकेच्या नेमणुकीचा आदेश निघाल्याशिवाय अनुदानाचा पहिला हप्ता सुटू नये.